टेबलाचा मेला कोपरा

त्या संध्याकाळी कलीमनं मेल्या कोपऱ्यात बॉल टाकला नाही, आणि प्रेमसिंगला राग आला.

"टाक ना बे," प्रेमसिंग म्हणाला. "सर्व्हिस तुह्याकडं, कोपरा तुह्यासमोर. टाक आन् गेम संपव."

"नाई टाकत."

"काहून? दया आली का माह्यावर?"

"दया कायची! दुसरं काही करून पाहून राह्यलो."

कलीमनं बॉल टेबलाच्या मधोमध टाकला. प्रेमसिंगनं तो सहज परत दिला. कलीमनं बॅकहँडला हात वळवला, मनगट ऐन वेळी ढिलं पडलं आणि बॉल नेटमध्ये गेला. पुढचाही तसाच गेला. जिंकत आलेला गेम हातानं घालवून कलीम स्वतःच्या मनगटाकडं बघत उभा राहिला. ते जणू कोणीतरी दुरुस्तीला आणून टाकलेलं होतं.

बाजूला खुर्चीत बसलेले सदाशिवराव म्हणाले, "कलीमभाई, तब्येत बरी आहे ना?"

सदाशिवराव म्हणजे आर्णीतले कापसाचे व्यापारी. गोदाम त्यांचं, टेबलही त्यांचंच. गावातल्या सुतारानं शाळेतल्या टेबलाला दोरी लावून माप आणलं आणि प्लायचं टेबल ठोकून दिलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. गुडघे गेल्यापासून सदाशिवराव खेळत नव्हते. ते पॉइंट मोजायचे. मोजताना हरणाऱ्याच्या बाजूनं एखादा जास्त धरायचे, म्हणजे गेम लांबतो. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं.

मेला कोपरा कसा झाला, त्याची गोष्ट साधी. एका वर्षी गोदामाचं टिन गळलं. पाणी थेंब थेंब करून टेबलाच्या एकाच कोपऱ्यावर पडत राहिलं. प्लाय फुगली, आतले थर सुटले. तेव्हापासून त्या कोपऱ्यावर पडलेला बॉल उसळत नसे. दुसरीकडं 'टक्' वाजायचं, तिथं 'थप्प'. बॉल तिथंच बसायचा आणि मग गरीब माणसासारखा काठावरून खाली उतरायचा. समोरचा बॅट हवेत फिरवून मोकळा. सुरुवातीला लोकांनी कुरकुर केली. मग ठरलं, की कोपरा खेळात धरायचा. गेम झाला की बाजू बदलायची, म्हणजे कोपऱ्याचा फायदा आळीपाळीनं दोघांनाही. आर्णीतलं टेबल टेनिस तेव्हापासून त्या कोपऱ्याभोवती फिरत होतं. नवखा कोणी आला तर त्याला सांगायचं नाही, पहिल्यांदा तोंडावर पडू द्यायचं, हाही नियमच.

आणखी एक गोष्ट होती. दसरा झाला की गोदामात कापूस येई. मग टेबलाचे दोन्ही भाग भिंतीला उभे लागत. होळीच्या सुमारास गोदाम रिकामं झालं की पुन्हा टाकायचं. म्हणजे होळी ते दसरा हा खेळाचा हंगाम. हात बसेबसेपर्यंत पोळा येई, बसला म्हणेपर्यंत कापूस येई. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळं इतक्या वर्षांत कोणीच सुधारलं नव्हतं आणि कोणाला त्याची फिकीरही नव्हती.

कलीमलाही नव्हती. महागाव रोडवर त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी खोलायच्या, तांब्याची नवी तार भरायची. संध्याकाळी हात धुऊन गोदामात यायचं. प्रेमसिंगचं बसस्टँडजवळ कृषी केंद्र. माणूस आडवातिडवा, आवाज त्याहून मोठा. प्रत्येक फटका मारताना स्वतःच ओरडून सांगायचा: "हा गेला! हा मेला! आता कुठं जातं रे?" दोघांची जोडी गावात ठरलेली होती.

मग कलीमची बायको गझाला आजारी पडली. आजार लांबला आणि ती गेली. त्यानंतरचा अख्खा हंगाम कलीम गोदामाकडं फिरकला नाही. पुढच्या होळीनंतर प्रेमसिंग दुकानात आला, हातातली पकड काढून घेतली, म्हणाला, "चाल." कलीम गेला. खेळू लागला. जिंकायचा, हरायचा, चहा प्यायचा. पण पूर्वी मेल्या कोपऱ्यात बॉल बसला की तो पोट धरून हसायचा, तसा आता हसत नव्हता. कोणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

बॅकहँडचं खूळ यवतमाळहून आलं होतं. कलीम तांब्याची तार आणायला गेला होता. दुकानदार म्हणाला, माल गोदामातून येतो, तासभर फिरून या. फिरताना एका गल्लीत त्याला आवाज ऐकू आला. टक्, टक्, टक्, टक्. मोटरीचा आवाज ऐकून आत काय बिघडलं ते सांगणाऱ्या माणसाचा कान. त्यानं ओळखलं की बॉल आहे, पण इतका सारखा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. मध्ये एकही ठोका चुकत नव्हता. तो जिना चढून वर गेला.

हॉलमध्ये दोन टेबलं होती. एकावर मुली सराव करत होत्या. त्यांना शिकवणारी बाई तिशीची होती, नाव दीपमाला. दारात उभ्या माणसाला तिनं विचारलं, "काका, खेळता का?"

"थोडंसं. आर्णीले."

"या मग."

कलीमनं आपली नेहमीची सर्व्हिस केली. बॉल बरोबर टेबलाच्या टोकाच्या कोपऱ्यात, काठापासून बोटभर आत पडला. आणि उसळला. छान, मोकळा उसळला. दीपमालानं तो असा मारला की कलीमच्या कानाजवळून वारा गेला. त्यानं पुन्हा केली. पुन्हा तेच. त्याला आपलं हसू यायला हवं होतं, पण आलं कुतूहल. आपण ज्याला खेळ म्हणतो, त्यातलं किती आपलं आणि किती त्या फुगलेल्या प्लायचं?

"तुम्ही बॅकहँड मारतच नाही," दीपमाला म्हणाली. "डावीकडचा बॉल पळत येऊन उजवीकडून घेता. दमत नाही का?"

"दमतो. पण कोणं सांगितलं नाई."

"एकच फटका धरा. रोज थोडा वेळ तेवढाच. त्या वेळात जिंकायचं नाही, पॉइंट मोजायचे नाहीत." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "पण काका, सर्व्हिस इतकी एकाच जागी कशी पाडता? माझ्या मुलींना जमत नाही."

कलीमला खरं सांगायची लाज वाटली. "सवय आहे," एवढं म्हणून तो तार घ्यायला गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो इतरांच्या आधी गोदामात येऊ लागला. टेबलाचा एक भाग उभा करून भिंतीला टेकवायचा आणि आडव्या भागावर एकटाच बॅकहँड मारायचा. उभ्या फळीवरून बॉल परत यायचा. मनगट कुठं वळतं, बॅटचा चेहरा कुठं असतो, बॉल वर का जातो, खाली का जातो. मोटर खोलावी तसा त्यानं तो एक फटका खोलला. आणि त्या वेळात त्याच्या लक्षात आलं की डोकं शांत राहतं. घर, दुकान, रिकामी संध्याकाळ, काही आठवत नाही. फक्त पुढचा बॉल.

मग यवतमाळची गोष्ट प्रेमसिंगला सांगून तो गेममध्येही तेच करू लागला. बॉल चुकला की थांबायचा, हात हवेत तसाच धरायचा, मान वाकडी करून बघायचा. प्रेमसिंग बॉल हातात घेऊन ताटकळत उभा.

"अबे, तू खेळून राह्यला का मोटर खोलून राह्यला?"

"थांब ना. चुकलं कुठं ते पाहून राह्यलो."

"चुकलं ते मी सांगतो. तुह्या डोक्यात चुकलं."

"सदाशिवभाऊ, काय झालं पॉइंट?"

"कोणाले माहीत," सदाशिवराव म्हणाले. "माही झोप लागली होती."

असं महिनाभर चाललं. कलीमचा बॅकहँड भिंतीशी बरा बसत होता, माणसाशी बसत नव्हता. आणि त्याला वाटू लागलं की दोष त्या कोपऱ्याचा आहे. प्रेमसिंगची प्रत्येक सर्व्हिस तिथं येऊन मरते. बॉल उसळलाच नाही तर बॅकहँड मारायचा कशावर? त्यानं सदाशिवरावांना विचारलं, "भाऊ, कोपरा दुरुस्त करून टाकू का?"

सदाशिवराव बराच वेळ गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, "टेबल माह्यं आहे, कलीमभाई. कोपरा माह्या एकट्याचा नाई. प्रेमसिंग तीजेच्या सणाले आपल्या बंजारा तांड्यावर गेला आहे. आला की त्याले इचारा."

हे सरळ होतं. पण कलीमच्या हाताला बिघडलेली वस्तू समोर ठेवून बसायची सवय नव्हती. शिवाय त्याला मनापासून वाटत होतं की प्रेमसिंग खूश होईल. त्यानं दुकानातून सामान आणलं. फुगलेली प्लाय कापून काढली, नवा तुकडा मापात बसवला, चिकटवून त्यावर वजन म्हणून पंपाची एक अख्खी मोटर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी घासून, मोटरीच्या वाइंडिंगवर ओततात ते व्हार्निश दोनदा मारलं. वाळल्यावर बॉल टाकून पाहिला. टक्. अख्ख्या टेबलावर आता एकच आवाज येत होता. त्याला फार बरं वाटलं.

प्रेमसिंग तीज करून आला तो रंगात होता. पोरींनी गाणी काय म्हटली, कोण कोण आलं होतं, सगळं सांगत त्यानं बॅट उचलली. "चाल कलीम, आज तुले रडवतो." आणि त्यानं आपली सर्व्हिस केली, सरळ मेल्या कोपऱ्यात. "हा मे..."

टक्.

बॉल उसळला. कलीम तयारच होता. मनगट वळलं, बॅटचा चेहरा बरोबर जागी आला आणि बॉल प्रेमसिंगच्या डाव्या बाजूनं सणसणत गेला. इतक्या दिवसांतला त्याचा पहिला खरा बॅकहँड. त्यानं सदाशिवरावांकडं पाहिलं. सदाशिवराव पॉइंट मोजायचे विसरले होते.

प्रेमसिंग टेबलाला वळसा घालून आला. कोपऱ्यावर तळहात फिरवला, बोटानं ठोकून पाहिलं.

"कोणं केलं?"

"मी. कसं झालं?"

"कोणाले इचारून?"

कलीम नेट सरळ करू लागला.

"चांगलं झालं," प्रेमसिंग म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता, आणि तेच जास्त लागलं. "आता खेळ इथं यवतमाळ-यवतमाळ. मले दुकानात काम आहे." त्यानं बॅट टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेला. चहा यायचा होता, त्यालाही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रेमसिंग आला नाही. त्यानंतरही नाही. कलीम रोज येई, टेबलाचा भाग उभा करी, बॅकहँड मारी. सदाशिवराव एक-दोन दिवस खुर्चीत बसले. मग म्हणाले, "कलीमभाई, भितीचे पॉइंट काय मोजू? ती हरतच नाई." आणि तेही घरी जाऊ लागले.

आता कलीमकडं सरळ टेबल होतं, रिकामं गोदाम होतं आणि सुधारायला पाहिजे तेवढा वेळ होता. समोर माणूस नव्हता. शेतात बोंडं धरू लागली होती. प्रेमसिंग असाच रुसून राहिला आणि दसरा उलटला, तर होळीला तो परत येईल याचा भरवसा नव्हता. या वयात माणसं एकदा संध्याकाळची सवय मोडली की मोडतात. टीव्हीसमोर बसतात, आणि मग रस्त्यात भेटली की फक्त तब्येत विचारतात.

एक दिवस बॅकहँड काही केल्या बसेना. कंटाळून त्यानं टेबल पूर्ण टाकलं, चहाची बशी नेऊन त्या दुरुस्त कोपऱ्यात ठेवली आणि सहज सर्व्हिस केली. बॉल बशीत. पुन्हा केली. काठाला लागला. पुन्हा, बशीत. दुसरीकडं बघत केली, तरी बशीच्या आसपास. तो थांबला. दोन महिने घाम गाळून, मनगट बघून बघून जे शिकायला बसलो ते अजून धड येत नाही. आणि हे? हे कधी शिकलो? कोणी शिकवलं? पॉइंट मोजू नका, जिंकू नका, असं कोणी सांगितलं नव्हतं. प्रेमसिंगला जाळायचं होतं, त्याचं तोंड बघायचं होतं, म्हणून रोज त्याच जागी बॉल टाकला. हसता हसता हात बसला, आणि बसला हे कळलंही नाही. यवतमाळच्या बाईनं विचारलं होतं ते हेच.

त्यानं बशी उचलली, पुसली, गोदामाला कडी घातली आणि बसस्टँडकडं निघाला.

कृषी केंद्रात गर्दी नव्हती. प्रेमसिंग काउंटरमागं औषधाचे डबे लावत होता. त्यानं वर पाहिलं आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "काय पाहिजे?"

"तू."

"स्टॉक नाई."

"कधी येते?"

"कंपनीनं बंद केलं उत्पादन."

कलीम स्टुलावर बसला. बशीची गोष्ट सांगितली. "ते मी शिकलोच नाई बे. तुले जाळता जाळता झालं ते. आन् मीच तो कोपरा कापून टाकला. इचारायले पाहिजे होतं. चुकलं."

प्रेमसिंगनं एक डबा इकडचा तिकडं केला. "मले चांगलं खेळायचं नाई, कलीम. हे तुले कळत नाई. दिवसभर इथं लोकं येते. कोणाची सोयाबीन पिवळी पडली, कोणाच्या तुरीले अळी लागली. सगळे मले इचारते, आता काय करू? मले काय माहीत काय करू! तिथं आलो की फक्त तुले हरवायचं असते. आता तिथंबी सुधारायचं म्हणलं, तं मंग मी जाऊ कुठं?"

कलीमनं काउंटरवरचा एक डबा उचलून त्याच्या हातात दिला.

"आन् तू असा काहून झाला ते तं सांग," प्रेमसिंग म्हणाला. "पह्यले असा नव्हता. आता बॉल कोपऱ्यात बसला तरी तुह्यं तोंड मोटर जळाल्यासारखं."

दारासमोरून एक एसटी गेली. तिचा आवाज थांबेपर्यंत कलीम थांबला.

"गझाला रोज इचारायची," तो म्हणाला. "घरी गेलो की चुलीजवळूनच. 'आज किसने किसको रुलाया?' मंग मी सांगायचो. तू कसा ओरडला, भाऊनं पॉइंट कसा खाल्ला, बॉल कोपऱ्यात कसा मेला. तिनं टेबल कधी पाह्यलं नाई, पण तिले सगळं माहीत होतं. तिले सांगेपर्यंत माहा गेम संपतच नव्हता. आता मजा आली, तं ती घेऊन घरी जाऊ अन् काय करू? कोणाले सांगू? बॅकहँडचं तसं नाई. तो सांगावा लागत नाई. आपला हातात राह्यते."

प्रेमसिंगनं हातातला डबा खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग म्हणाला, "माहा आवाज काढून दाखवत होता तिले?"

"हो."

"कसा?"

"आता? इथं?"

"काढ ना बे."

कलीमनं इकडंतिकडं पाहिलं आणि घसा फाडून ओरडला, "हा गेला! हा मेला! आता कुठं जातं रे!"

शेजारच्या चपलांच्या दुकानातला माणूस डोकं बाहेर काढून बघू लागला.

"मी असा नाई ओरडत," प्रेमसिंग म्हणाला.

"असाच ओरडतो."

"बकऱ्यावानी ओरडला तू."

"मंग बरोबर जमलं."

प्रेमसिंग हसला. आणि त्याला बघून कलीमही हसला, मोठ्यानं, थांबता येईना इतका.

"पह्यला अर्धा घंटा तुहा," प्रेमसिंग शेवटी म्हणाला. "मी बॉल टाकीन, तू मार. मले मारायले लावायचं नाई. मंग गेम. गेममधी हात पाहत उभा राह्यला, तं पॉइंट माहा."

"अन् कोपरा?"

"कोपरा गेला तं गेला. दुसरं काही पाहून घेऊ."

दुसऱ्या दिवसापासून तसं सुरू झालं. ठरल्याप्रमाणं रोज झालं असं नाही. कधी प्रेमसिंग गावातली बातमी घेऊन यायचा आणि अर्धा तास बोलण्यातच जायचा. कधी कलीमच दमून आलेला असायचा आणि म्हणायचा, आज सरळ गेम. पण एक गंमत झाली. बॉल टाकता टाकता प्रेमसिंग बघू लागला. "हा असा काहून गेला? मी तं सरळ टाकला." कलीम म्हणाला, "बॅट खालून घासली तू." "घासली का? थांब. पुन्हा टाकतो." कलीम गेमसाठी घाई करू लागला आणि प्रेमसिंग म्हणू लागला, "एकच. हा शेवटचा." सदाशिवराव खुर्चीतून कुरकुरत, "मले बोलावलं कायले मंग?"

बॅकहँड गेममध्ये कधी बसे, कधी नेटमध्ये जाई. कलीमनं आपल्यापुरतं ठरवलं की एका गेममध्ये दोन-तीनदाच तो काढायचा, बाकी जुनं आपलं खेळायचं. कुठल्या बॉलवर काढायचा हे ओळखण्यातच निम्मी मजा आहे, हे त्याला हळूहळू कळत होतं.

दसरा झाला. शेतात पहिली वेचणी सुरू झाली. सदाशिवराव एक दिवस गेम संपल्यावर म्हणाले, "टेबल उभं करावं लागते आता. परवा कापसाची पह्यली गाडी येते."

"चला," प्रेमसिंग बॅट पिशवीत घालत म्हणाला. "होळीले भेटू. तोवर तुह्या बॅकहँडले गंज चढते पाह्य."

दर वर्षी हे असंच बोलायचे आणि निघायचे. या वेळी कलीम हलला नाही. होळीपर्यंत हात जाणार, हे खरंच होतं. पण त्याला भीती वाटली ती हाताची नव्हती. त्याला परवाची संध्याकाळ दिसली, त्याच्या पुढची दिसली. दुकान बंद करायचं, हात धुवायचे आणि सरळ घरी.

"माह्या पुढच्या खोलीत मावते," तो म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडं पाहिलं. दोघंही त्या खोलीत येऊन गेलेले होते. आजारपणात गझालाची खाट तिथं टाकली होती, खिडकीतून रस्ता दिसतो म्हणून. ती गेल्यावर कलीमनं खाट काढून दिली, पण तिथं दुसरं काही ठेवलं नव्हतं. खुर्चीसुद्धा नाही. दारातून आत येऊन तो ती खोली ओलांडायचा आणि सरळ स्वयंपाकघरात जायचा.

"मापून पाह्यलं मी," कलीम म्हणाला. "मागं जागा कमी आहे. पाठ भितीले लागते. पण मावते."

सदाशिवराव म्हणाले, "पाह्य कलीमभाई. जबरदस्ती नाई."

"मीच म्हणून राह्यलो ना भाऊ."

प्रेमसिंगनं फक्त मान हलवली आणि टेबलाची एक बाजू धरली.

टेबल सदाशिवरावांच्या मेटाडोरमधून गेलं. त्याच खेपेत सदाशिवरावही गेले, खुर्ची मांडीवर घेऊन. दारातून फळी आत जाईना. आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली. प्रेमसिंग ओरडत होता, "माह्या बोटावर! माह्या बोटावर आहे बे!" शेवटी तिरकी करून घेतली. दोन्ही भाग जुळवले, नेट लावलं. खोली भरून गेली. कलीम एका टोकाला उभा राहिला, तर पाठ आणि भिंत यांत हातभर अंतर. स्वयंपाकघराचं दार त्याच्या उजव्या हाताला उघडंच होतं.

सरावाचा अर्धा तास सुरू झाला. बॉल टाकता टाकता प्रेमसिंगला राहवलं नाही, एक बॉल त्यानं जोरात हाणला. कलीमच्या बाजूला पडून बॉल त्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर आदळला आणि त्याच जोरानं परत निघाला. टेबल ओलांडून, नेट ओलांडून थेट प्रेमसिंगकडं. प्रेमसिंगनं तो पुन्हा हाणला.

"चालू! चालू आहे!" तो ओरडला.

"कसा चालू? भितीले लागला!"

"इथं भित चालू. या खोलीचा नियम. काय भाऊ?"

सदाशिवराव खुर्चीत पुढं सरकले. खूप दिवसांनी त्यांना निकाल द्यायचा होता. "भित चालू," ते म्हणाले. "पॉइंट कलीमभाईचा."

"माहा कसा? मी तं मारलाबी नाई!"

"भित तुमची आहे ना."

प्रेमसिंगनं कपाळावर हात मारला. कलीम मात्र मागं वळून भिंतीकडं बघत होता. जिथं बॉल लागला तिथं त्यानं बोट ठेवलं. बॉल खाली यायला पाहिजे होता, तो भिंतीवर चढल्यासारखा वर गेला होता. फिरकी होती त्याला, पण भिंतीनं तिचं काय केलं?

"प्रेमसिंग," तो म्हणाला, "पुन्हा मार. तसाच."

"काहून?"

"कोणीकडं वळते ते पाहू दे."

"हे सरावात धरू का गेममधी?" प्रेमसिंगनं कमरेवर हात ठेवून विचारलं. "अर्धा घंटा झाला का नाई?"

"मले काय माहीत," कलीम भिंतीपाशी वाकत म्हणाला. "मार तू."